वडिलोपार्जित धमन्या

बायपासच्या ऑपरेशनमध्ये पायातून काढलेली शीर महारोहिणीला जोडायची असते, आणि त्यासाठी आधी महारोहिणीच्या भिंतीला भोक पाडावं लागतं. हे काम करणारं हत्यार पेनाएवढं असतं. थिएटरात सगळे त्याला नुसतं ‘पंच’ म्हणतात. तो दाबला की चारेक मिलिमीटरची गोल चकती सुटून येते. बाहेरून फिकट, आतल्या बाजूला बऱ्याचदा पिवळट चरबीची झाक. एरवी ही चकती बाकीच्या जैविक कचऱ्याबरोबर पिवळ्या पिशवीत जाते आणि पुढे कोणी तिची आठवणही काढत नाही.

एस्टोनियातल्या टार्टू शहरात ती पिशवीत गेली नाही. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयातले सर्जन आर्नो रुसालेप आणि स्वीडनचे संशोधक योहान ब्यॉर्केग्रेन यांनी बायपाससाठी आलेल्या सहाशे रुग्णांच्या संमतीने सात प्रकारचे नमुने जमवले: रक्त, यकृत, स्नायू, कातडीखालची चरबी, पोटातली चरबी, महारोहिणीची ती चकती आणि छातीच्या आतल्या बाजूने उतरणारी एक बारीक धमनी. माणसाची छाती उघडलेली असतानाच हे सगळं एकदम हाती लागू शकतं. निरोगी माणसाकडे कोणी यकृताचा तुकडा मागायला जात नाही. प्रत्येक नमुन्यात कुठलं जनुक जागं आहे, कुठलं झोपलेलं आहे, हे मोजलं गेलं आणि त्या माणसाच्या डीएनएशी ताडून पाहिलं गेलं. निष्कर्ष २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले.

त्यातला एक निष्कर्ष पोट सुटलेल्या मध्यमवर्गाने जरा नीट वाचावा असा आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल ठरवण्यात ‘पीसीएसके-९’ नावाच्या जनुकाचा मोठा हात असतो, आणि हे जनुक मुख्यतः यकृतातून कारभार करतं असं पाठ्यपुस्तकं सांगतात. टार्टूच्या नमुन्यांत मात्र हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलेल्या डीएनएतल्या बदलाचा या जनुकावरचा परिणाम यकृतात दिसला नाही. तो दिसला पोटातल्या चरबीत. जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं हे खरं, पण ते उपद्रव कुठे करतं हे त्या-त्या अवयवावर ठरतं.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा त्या यादीतल्या शेवटच्या नमुन्यात आहे. छातीच्या हाडालगत, आतल्या अंगाने, डावीकडे जी धमनी उतरते तिला सर्जन ‘लिमा’ म्हणतात. बायपासमध्ये हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीला जोडायला बहुतेक वेळा तीच वापरतात. कारण साधं आहे: ती तुंबत नाही. ज्या माणसाच्या हृदयाच्या तिन्ही धमन्यांत नव्वद टक्के अडथळे आहेत, त्याचीच लिमा चक्क स्वच्छ निघते. रक्त तेच, कोलेस्टेरॉल तेच, साखर तीच, आईबापांकडून आलेला डीएनएसुद्धा तोच. फरक भिंतीच्या घडणीत आहे. लिमाच्या आतल्या अस्तराखालचा लवचीक पडदा जवळजवळ सलग असतो, त्यातून चरबी आणि पेशी आत घुसायला फटी कमी. शिवाय तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतं, त्यामुळे ती सैल राहते. दहा वर्षांनी पाहिलं तर दहातल्या नऊ लिमा वाहत्या असतात. पायातल्या शिरांपैकी तोवर जवळजवळ निम्म्या बंद पडलेल्या किंवा खराब झालेल्या सापडतात. आनुवंशिकतेवर बोलणाऱ्याने हा चमत्कार आधी डोळ्यांपुढे ठेवावा. नाहीतर ‘जीनमध्येच आहे हो’ या वाक्याने चर्चा संपवायचा मोह फार होतो.

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन चालू असताना बाहेर बसलेले नातेवाईक दोनच वाक्यं बोलत असतात. एक, ‘यांच्या वडिलांनाही होतं.’ दुसरं, ‘आमच्या घरात कुणालाच नव्हतं, हे तर रोज पर्वती चढायचे.’ दोन्ही वाक्यांत तथ्य असतं आणि दोन्ही अपुरी असतात.

पहिल्या वाक्याचं वजन स्वीडनमध्ये मोजलं गेलं. एकवीस हजार जुळ्या भावंडांचा अनेक वर्षं मागोवा घेऊन १९९४ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुरुषांचा हिशोब असा निघाला: एक भाऊ पंचावन्न वर्षांच्या आत हृदयविकाराने गेला असेल आणि दोघे एकसारखे जुळे असतील, तर दुसऱ्याचा त्याच विकाराने मरण्याचा धोका आठपट. न-सारख्या जुळ्यांत, म्हणजे साध्या भावाभावांइतकंच जनुकीय साम्य असलेल्यांत, तो चौपटीच्या जरा आत. वय वाढत गेलं तसा हा फरक ओसरत गेला. म्हणजे आजोबा ब्याऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने गेले याला घराण्याचा इतिहास म्हणायचं कारण नाही. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत, तरच कान टवकारायचे. केसपेपरवर ‘फॅमिली हिस्ट्री पॉझिटिव्ह’ असं लिहून वय न लिहिणं म्हणजे अर्धीच नोंद.

आणि आपल्याकडे वयाचाच प्रश्न आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्यात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५८.८व्या वर्षी, असं दिसलं. बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातली ही आकडेवारी. ‘भारतीयांची जनुकंच खराब’ असं म्हणणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो, पण ते निबंधाच्या शेवटापर्यंत जात नाहीत. जोशींचा निष्कर्ष उलटा होता: ही पाच-सहा वर्षांची घाई बव्हंशी नेहमीच्याच कारणांनी समजावता येते. बिघडलेलं कोलेस्टेरॉल, मधुमेह, तंबाखू हे सगळं आपल्याकडे लवकर सुरू होतं, म्हणून झटकाही लवकर.

मग जनुकांच्या वाट्याला काय उरतं? काही घरांत सगळंच उरतं.

टेक्सासमधल्या स्टॉर्मी जोन्स या मुलीचं कोलेस्टेरॉल हजाराच्या वर होतं. सहा वर्षांची होईपर्यंत तिला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि दोन बायपास झाले होते. यकृताच्या पेशींवर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल पकडून आत घेणारी जी ग्राहक-प्रथिनं असतात, ती तिच्याकडे कामाची नव्हतीच. आईकडूनही बिघडलेली प्रत आली होती, वडिलांकडूनही. फेब्रुवारी १९८४ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांच्या चमूने तिच्यावर हृदय आणि यकृत या दोन्हींचं एकत्र प्रत्यारोपण केलं. जगातलं असं पहिलंच. हृदय बदललं कारण ते खलास झालं होतं. यकृत बदललं कारण तिथे नवे ग्राहक हवे होते. कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं. १९९० साली, तेराव्या वर्षी ती गेली. ज्यांनी या ग्राहकाचा शोध लावला त्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना तिच्या ऑपरेशननंतर पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं.

एकच प्रत बिघडलेली असली तर रोग इतका उग्र नसतो, पण ते लोक संख्येने खूप आहेत: साधारण अडीचशे माणसांत एक. यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, औषधाविना १९०च्या पुढे असतं. काहींच्या टाचेमागची जाड शीर चाचपली तर गाठाळ लागते. काहींच्या बुबुळाभोवती चाळिशीच्या आतच पांढरट कडं दिसतं. दोन्ही गोष्टी बघायला एक पैसा लागत नाही. आता महाराष्ट्राच्या दक्षिण भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल अनेक समाजांत आहे, हे लक्षात घ्या. अशा लग्नात आजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत नवरा आणि बायको या दोघांकडेही असू शकते. तसं असेल तर प्रत्येक मुलाला स्टॉर्मीचा वाटा येण्याची शक्यता चारात एक. गुडघ्याकोपरांवर पिवळ्या गाठी आलेलं मूल आधी कातडीच्या डॉक्टरकडे जातं, आणि त्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर नशीब.

बहुतेक बायपासच्या रुग्णांची गोष्ट मात्र अशी एका जनुकाची नसते. तिथे शेकडो बारीकसारीक बदल थोडं थोडं वजन टाकतात. यातला सर्वांत गाजलेला बदल नवव्या गुणसूत्रावरचा, २००७ साली सापडलेला. गंमत अशी की तो कोलेस्टेरॉल वाढवत नाही, रक्तदाब वाढवत नाही, साखरही वाढवत नाही; ज्या जागी तो आहे तिथे प्रथिन तयार करणारं जनुकसुद्धा नाही. तरी युरोपीय लोकांत दोन्ही प्रती असणाऱ्यांचा धोका तीस-चाळीस टक्क्यांनी जास्त निघतो. भारतीयांतही हे संशोधन झालं. बंगळुरूच्या थ्रॉम्बोसिस रिसर्च इन्स्टिट्यूटने हृदयविकार असलेली कुटुंबंच्या कुटुंबं तपासायला घेतली आणि २००९ साली तोच संबंध इथेही असल्याचं दाखवलं. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी बायपास झालेल्या रुग्णांतच हा बदल शोधला, तेव्हा तो असणाऱ्यांना ऑपरेशनच्या वेळी हृदयाच्या स्नायूला इजा होण्याचं आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यूचंही प्रमाण जास्त आढळलं. उपचार मात्र त्याने काही बदलले नाहीत. हा बदल आहे हे कळून सर्जनने वेगळं काय करायचं, याचं उत्तर अजून कोणाकडे नाही.

लिपोप्रोटीन-ए या कणाची गोष्ट निराळी आहे, आणि भारतीयांनी तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो १९६३ साली शोधला. एलडीएलच्याच कणाला एक लांब शेपूट जोडलेली. तिची लांबी आणि कणाचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जन्मतः ठरलेलं. व्यायामाने ते हलत नाही, पथ्याने हलत नाही, कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीनेही उतरत नाही. इंटरहार्टच्याच नमुन्यांवरून २०१९ साली सात वंशगटांची तुलना झाली तेव्हा या कणामुळे येणाऱ्या झटक्यांचा बोजा दक्षिण आशियाई लोकांत विशेष जड निघाला. हाच कण महारोहिणीच्या झडपेत चुना साठवायलाही हातभार लावतो, म्हणजे हृदयाच्या थिएटरात तो दोन दारांनी येतो: एकदा बायपाससाठी, एकदा झडप बदलण्यासाठी. त्याला खाली आणणारी इंजेक्शनं चाचण्यांत आहेत. तपासणी साधी रक्ताची आहे आणि बहुतेकांना ती आयुष्यात एकदाच करावी लागते, कारण आकडा फारसा बदलत नाही. तरीही पुण्यातल्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात चाळीस-पन्नास तपासण्यांची जंत्री असते आणि त्यात हिचा पत्ता बऱ्याचदा नसतो.

आता ते पर्वती चढणारे गृहस्थ. सडपातळ, निर्व्यसनी, वजनकाट्यावर कायम बासष्ट किलो. त्यांना तिन्ही धमन्यांत अडथळे कसे?

याचं उत्तर शोधण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. दोघेही दिसायला सडसडीत. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एका पानाच्या त्या मजकुराने जे काम केलं ते जाडजूड ग्रंथांना जमलं नसतं.

ही ‘बारीक पण चरबीदार’ ठेवण जन्मापासूनच दिसते, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत दाखवलं. १९९३ साली तिथे सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात बायकांची मोजमापं गरोदरपणाच्या आधीपासून घेतली गेली. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबीची चिमटी तेवढी बऱ्यापैकी राखलेली. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याच मातांच्या ताटात काय होतं ते तपासलं, तेव्हा पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं मोठी असल्याचं आढळलं. म्हणजे आईकडून लेकराला फक्त जनुकं मिळतात असं नाही. नऊ महिन्यांचं एक घरही मिळतं, आणि त्या घराची अवस्था पुढे पन्नास वर्षं शरीरात राहते.

इथे एका जुन्या, फसलेल्या सिद्धांताला पुण्यात अनपेक्षित वळण मिळालं. १९६९ साली हार्वर्डच्या किल्मर मॅककली यांना जन्मजात बिघाडामुळे रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल फार वाढलेल्या मुलांच्या धमन्या म्हाताऱ्यांसारख्या कडक झालेल्या दिसल्या. त्यावरून होमोसिस्टीन हेच हृदयविकाराचं मूळ असा कयास निघाला. एरवी ते वाढतं मुख्यतः दोन कारणांनी: बी-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांची कमतरता, किंवा ‘एमटीएचएफआर’ या जनुकातला एक बदल. पुण्यात तर याचा महापूर होता. याज्ञिकांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या मिळून ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. आणि सर्वांत वाईट अवस्था होती ती शहरी मध्यमवर्गाची, जिथे निम्मे लोक शाकाहारी होते: ८१ टक्क्यांत बी-१२ कमी. हे आकडे २००६चे. त्याच वर्षी परदेशातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. हजारो हृदयरुग्णांना जीवनसत्त्वं दिली, होमोसिस्टीन छान उतरलं, झटके मात्र कमी झाले नाहीत. हृदयाच्या वॉर्डात हा सिद्धांत तिथेच मोडीत निघाला, तरी पुण्यात कित्येक दवाखान्यांतून होमोसिस्टीनची तपासणी अजून निष्ठेने लिहून दिली जाते.

पण याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक यांनी तोच जनुकबदल वेगळ्या प्रश्नासाठी वापरला. जनुकं जन्माआधी वाटली जातात, त्यामुळे ती श्रीमंती, शिक्षण, आहार यांच्या गुंत्यात अडकत नाहीत. निसर्गाने स्वतःच चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग म्हणावा असं ते वाटप असतं. पुणे आणि म्हैसूरच्या मातांचा अभ्यास करून त्यांनी २०१४ साली मांडलं, की आईच्या रक्तातलं वाढलेलं होमोसिस्टीन हे बाळाचं वजन कमी असण्याचं नुसतं लक्षण नसून कारण असावं, असा विश्लेषणाचा कल आहे. प्रौढाच्या धमनीत जो धागा तुटला तो गर्भात सापडला. ही तपासणी पन्नाशीच्या गृहस्थांपेक्षा त्यांच्या सुनेला जास्त उपयोगी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. त्याच गावांत २०१२ पासून त्या अभ्यासातल्या मुलामुलींना, ती आईबाप होण्याच्या आधीच, बी-१२ देऊन पाहायचा प्रयोगही सुरू झाला.

इतकं सगळं असताना बाजारात डीएनएवरून हृदयविकाराचा ‘स्कोअर’ सांगणाऱ्या तपासण्या आल्या आहेत. लाखो जनुकीय बदलांचं वजन एकत्र करून हा आकडा काढतात, आणि तो निव्वळ थोतांड नाही. २०२० साली भारत, बांगलादेश आणि ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांवरही तो तपासला गेला आहे. अडचण अशी की मूळ मोजमापं बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची, त्यामुळे आपल्याकडे त्याची धार कमी पडते. शिवाय ज्याच्या छातीवर टाके पडले आहेत त्याला धोका आहे हे सांगायला स्कोअर कशाला हवा? २०१६ साली पंचावन्न हजारांवर लोकांच्या अभ्यासात जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांतही सिगारेट न ओढणं, वजन राखणं, चालणं-फिरणं आणि बरं खाणं यांपैकी किमान तीन गोष्टी जे पाळत होते, त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना ४६ टक्क्यांनी कमी आढळल्या.

खरा उपयोग रुग्णापेक्षा त्याच्या नातलगांना आहे, आणि तो नेमका हुकतो. ऑपरेशन झालेला माणूस पन्नाशीच्या आतला असेल, जुन्या कागदांत एलडीएल १९०च्या वर असेल, तर डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या औषधांची यादी समजावताना बिछान्याभोवती उभ्या असलेल्यांनाही रक्त तपासायला सांगता येतं. जुने कागद मुद्दाम पाहायचे, कारण झटका आल्यावर आणि गोळ्या सुरू झाल्यावर कोलेस्टेरॉलचा आकडा फसवा कमी दिसतो. एकाच प्रतीच्या बिघाडाची शंका खरी ठरली तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. मुलांच्या तपासणीला घरचे लगेच तयार होतात. ज्याला आधी पाठवायला हवं तो असतो धाकटा भाऊ: वय चव्वेचाळीस, तब्येतीची तक्रार नाही, रक्ताच्या बाटल्यांसाठी धावपळ करणारा, आणि दादाच्या फाइलचे सगळे कागद काखेत धरून उभा.